मिक्सरची भांडी आणि गिम्पचे प्लग-इन

आम्ही आष्टीहून, परतूर तालुक्यातून बोलतोय. आज विषय कॉम्प्युटरचा आहे, पण पापड, शेवया, तिखटाची पाकिटं विकणाऱ्या प्रत्येक गटाच्या कामाचा आहे.

लेबलं आणि मालाचे फोटो करायला गिम्प नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं. १९९५ साली अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, आज जगभर वापरतात. आता प्लग-इन म्हणजे काय? मिक्सर एकच, पण चटणीचं भांडं वेगळं, दळायचं वेगळं, रसाचं वेगळं. गिम्प हा मिक्सर, प्लग-इन ही त्याची भांडी. एखादं अंधारलेला फोटो उजळतं, एखादं त्यातले डाग पुसतं.

फुकट मिळतात म्हणून पोरं पेन ड्राइव्हवरून शे-दोनशे आणून टाकतात. मग सॉफ्टवेअर उघडायला वेळ, मेनू हातभर लांब, आणि कोणतं भांडं कशाचं हे आणणाऱ्या एकट्यालाच ठाऊक. तो पोरगा पुण्याला कामाला गेला की गटाची लेबलं अडकली! आमच्या मते पसाऱ्याचा खरा तोटा हाच.

म्हणून आधी वही घ्या. 'हेल्प' मेनूत 'प्लग-इन ब्राउझर' आहे. तिथं सगळ्यांची यादी दिसते आणि कोणतं कोणत्या मेनूत आहे तेही कळतं. गिम्पसोबत आलेली सोडा, बाहेरून आणलेली तेवढी लिहा. तीन रकाने पाडा: नाव, काम, कुठून आणलं. तिसरा रकाना सोडू नका. प्लग-इन हा छोटा प्रोग्रामच असतो, कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या फाइलींनाही तो हात लावू शकतो. आणि गटाच्या त्याच कॉम्प्युटरवर बायांच्या पासबुकांचे, आधार कार्डांचे फोटो पडलेले असतात. कुठून आलं ते सांगता येत नसेल, तर ते काढूनच टाका. इथं भीड नको.

आता मांडणी. 'एडिट', त्यात 'प्रेफरन्सेस', त्यात 'फोल्डर्स', त्यात 'प्लग-इन्स' उघडा. गिम्प कोणत्या फोल्डरांत प्लग-इन शोधतं, त्याची यादी तिथं असते. गिम्पचा स्वतःचा फोल्डर जसा आहे तसा राहू द्या. आपले फोल्डर कामाप्रमाणे करा, एक लेबलाचा, एक फोटोचा, आणि दोन्ही त्या यादीत वेगवेगळे जोडा. क्वचित लागणारी प्लग-इन तिसऱ्या फोल्डरात ठेवा आणि तो यादीत जोडूच नका. माळ्यावरच्या भांड्यांसारखी ती राहतील, पण वाटेत येणार नाहीत. बदल केल्यावर गिम्प बंद करून पुन्हा उघडायचं.

फोल्डर बदलले तरी मेनूतली जागा बदलत नाही, ती प्लग-इन बनवणाऱ्यानं ठरवलेली असते. त्यामुळं शोधत बसू नका. तिरक्या रेघेची कळ दाबा, चौकट उघडते, तिच्यात नाव टाइप करा.

खरं तर बऱ्याच कामांना जीमिक हे एकच प्लग-इन पुरतं. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. एकात पाचशेहून जास्त फिल्टर आहेत! घाबरू नका, त्यात आवडीची यादी करता येते. तिखटाच्या पाकिटाला जमलेली मापं तशीच जतन करा आणि त्यांना आपलं नाव द्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसरी कोणीही तेच करू शकेल. मात्र हिरवट मोसंबी फोटोत पिवळीधमक करायचा मोह टाळा. गिऱ्हाईक माल परत करतं.

नवीन गिम्प टाकण्याआधी एक बघा. मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं. एका कंपनीचं भांडं दुसऱ्या मिक्सरला बसत नाही, तशी २.१० साठी लिहिलेली बरीच प्लग-इन त्यात चालत नाहीत. शिवाय आता प्रत्येक प्लग-इन त्याच्याच नावाच्या फोल्डरात असावं लागतं, नुसती मोकळी फाइल टाकून चालत नाही. आधी वहीतल्या प्रत्येक नावाची नवी आवृत्ती बनवणाऱ्याच्याच पानावर आहे का ते तपासा. रोजच्या कामाचं एखादं अजून आलं नसेल, तर हातातल्या लेबलांची ऑर्डर संपेपर्यंत जुनंच गिम्प राहू द्या.