मोटोक्रॉसची टू-स्ट्रोक जंगलात का अडते?

यामाहा वायझेड २५० ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस ट्रॅकसाठी बनलेली. वरच्या आरपीएमला ताकद एकदम येते. उड्या मारायला ठीक, पण ओल्या मुळांवर मागचं चाक जागेवरच फिरतं, नाहीतर चढावर इंजिन बंद पडतं.

म्हणून जंगलासाठी गाडी आणखी ‘फास्ट’ करायची नसते, मवाळ करायची असते. जड फ्लायव्हील लावलं की इंजिन सहज बंद पडत नाही. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं घेतलं की कमी वेगात ओढ मिळते. सस्पेन्शनही मऊ लागतं.

जपून करायचं काम कार्बोरेटरचं. जंगलात थ्रॉटल बराच वेळ थोडाच उघडा असतो, तेव्हा पायलट जेट आणि नीडलकडे आधी बघा. धूर नको म्हणून काहीजण जेट लहान करत जातात. पण या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं! पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, उष्णता जास्त आणि शेवटी पिस्टन जाम. मग आडरानातून गाडी ढकला.

यातलं बरंच काम यामाहाने स्वतःच केलं. २०१६ च्या वायझेड २५० एक्समध्ये कॉम्प्रेशन कमी, सस्पेन्शन मऊ आणि मागचं चाक १९ ऐवजी १८ इंची. त्यामुळे टायरची भिंत उंच होते आणि दगडाचा मार रिमआधी रबर खातं.