किल्ली कोणाच्या हाती?

मालेगावच्या टपालपेटीत टाकलेले पत्र सौदी अरेबियातील जेद्दा शहरात पोचते. याचे आपल्याला नवल वाटत नाही. पण थोडा विचार करा. मालेगावचे टपाल कार्यालय भारत सरकारचे आहे, तर जेद्दाचे सौदी अरेबियाचे. तिकीट आपण भारताचे लावतो. पत्र पोचवणारा कर्मचारी मात्र त्या देशाचा असतो. दोन्ही ठिकाणची भाषा वेगळी, नियम वेगळे. तरीही पत्र अडत नाही. असे का बरे होते?

याचे उत्तर एका करारात आहे. पूर्वी प्रत्येक देशाला दुसऱ्या देशाशी टपालासाठी स्वतंत्र करार करावा लागे. पत्र कोणत्या मार्गाने जाणार, यावर त्याचा दर बदलत असे. या गोंधळाला सारे कंटाळले होते. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात २२ देशांनी मिळून एक करार केला. एकमेकांची पत्रे सर्वांनी पोचवायची, असे ठरले. त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. १८७६ साली भारतही त्यात सामील झाला. या करारामुळे साऱ्या जगाचे टपाल एक झाले, पण त्याला एक मालक मात्र मिळाला नाही. घरे अनेक राहिली, रीत एक झाली.

संगणकावरून पाठवल्या जाणाऱ्या पत्राची, म्हणजे ई-मेलची, रीतही अशीच आहे. १९७१ साली अमेरिकेतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला संदेश पाठवण्याची सोय केली. पत्ता लिहिण्यासाठी त्यांनी 'ॲट' हे चिन्ह निवडले. चिन्हाच्या आधी व्यक्तीचे नाव आणि चिन्हानंतर तिच्या संगणकाचे नाव. आजही ई-मेलचा पत्ता असाच लिहितात. तुमचा पत्ता एका कंपनीकडे असला आणि तुमच्या मामांचा दुसऱ्या कंपनीकडे, तरी पत्र पोचतेच. कारण दोन्ही कंपन्या एकच रीत पाळतात.

आता आपण फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स अशा समाजमाध्यमांकडे पाहू. येथे रीत निराळी आहे. एक्सवर खाते असलेला माणूस तेथूनच फेसबुकवरील मित्राला संदेश पाठवू शकत नाही. ज्याच्याशी बोलायचे, त्याच्याच वाड्यात जाऊन राहावे लागते. वाड्याला दरवाजा एकच असतो आणि त्याची किल्ली मालकाच्या कमरेला असते. आत काय दाखवायचे, काय लपवायचे, कोणाला बाहेर काढायचे, हे मालक ठरवतो. वाडा बंद करायचे त्याच्या मनात आले, तर राहणाऱ्यांचा इलाज चालत नाही. ऑर्कुट नावाचे माध्यम २००४ साली गूगल कंपनीने सुरू केले. भारतातील लाखो तरुण त्यावर गप्पा मारत असत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने ते बंद केले. लोकांना आपली मैत्री उचलून दुसरीकडे नेता आली नाही.

तुम्ही म्हणाल, "वाडा फुकट राहायला मिळतो, मग तक्रार कशाची?" भाडे पैशांत द्यावे लागत नाही, हे खरे. पण आपण काय पाहतो, कोणाशी बोलतो, कशावर किती वेळ थांबतो, याची नोंद तेथे होत असते. त्या नोंदीच्या आधारे आपल्याला जाहिराती दाखवल्या जातात, आणि जाहिरातदार त्याचे पैसे कंपनीला देतात. म्हणजे आपली माहिती हेच आपले भाडे.

ही माहिती परक्या हाती गेली तर काय होते, हे २०१८ साली जगाने पाहिले. स्वभाव ओळखण्याची एक प्रश्नावली फेसबुकवर फिरत होती. जे लोक ती सोडवत, त्यांची माहिती तर घेतली जाईच. पण त्यांच्या मित्रांची माहितीही, मित्रांना न विचारता, गोळा होई. ती माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली. ही कंपनी निवडणुकीच्या प्रचारासाठी काम करत असे. जगातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अशी गेली असावी, असे फेसबुकने सांगितले. भारतातील आकडे तर फार बोलके आहेत. ती प्रश्नावली भारतात फक्त ३३५ जणांनी घेतली होती. पण मैत्रीच्या धाग्याने सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती धोक्यात आली. पुढे २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलर इतका दंड केला.

मग समाजमाध्यमही टपालासारखे करता येणार नाही का? हा प्रश्न काही संगणकतज्ज्ञांना पडला. जर्मनीत राहणाऱ्या ऑयगेन रोश्को या तरुणाने २०१६ साली 'मॅस्टोडॉन' नावाचे माध्यम सुरू केले. मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा दिसणारा, आता नामशेष झालेला प्राणी. या माध्यमाचा एक मालक नाही. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. कोणतीही शाळा, संस्था किंवा मित्रांचा गट स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो. सर्व्हर म्हणजे संदेश सांभाळून ठेवणारा आणि पुढे पाठवणारा, सतत चालू असलेला संगणक. असे हजारो सर्व्हर एकमेकांशी जोडलेले आहेत. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचे लिखाण वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो. या सर्वांची जी समान रीत आहे, तिला २०१८ साली जागतिक वेब संघाने मान्यता दिली. अशा रचनेला 'विकेंद्रित' रचना म्हणतात. विकेंद्रित म्हणजे ज्याचे केंद्र एकाच ठिकाणी नाही असे.

या रचनेचा फायदा उघड आहे. एका सर्व्हरचे नियम पटले नाहीत, तर माणूस दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो, आणि त्याच्या खात्यावर लक्ष ठेवणारे मित्रही त्याच्याबरोबर जोडलेले राहतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला, तेव्हा साऱ्या जगातून लोक तिकडे गेले. ट्विटरचेच नाव पुढे २०२३ साली एक्स झाले. २०२४ साली मेटा या मोठ्या कंपनीनेही आपले थ्रेड्स हे माध्यम या जाळ्याशी काही प्रमाणात जोडायला सुरुवात केली.

परंतु घरे अनेक झाली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे नाही. प्रत्येक घरालाही मालक असतोच. मॅस्टोडॉनवर एकाने दुसऱ्याला पाठवलेला खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतो. तो संदेश पोस्टकार्डासारखा आहे, बंद पाकिटासारखा नाही. याउलट व्हॉट्सॲप एकाच कंपनीचे असले, तरी २०१६ सालापासून त्यावरील संदेशांना दोन्ही टोकांना कुलूप असते. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधल्या कोणाला, अगदी कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. मात्र कोण कोणाशी बोलते, ही पाकिटावरची माहिती कंपनीला कळू शकते. शिवाय लहान सर्व्हर पुष्कळदा हौशी लोक चालवतात. पैसा किंवा वेळ संपला, की ते बंद पडतात. द्वेष पसरवणाऱ्यांनी स्वतःचा सर्व्हर उघडला, तर त्यांना कोणी थांबवू शकत नाही. २०१९ साली 'गॅब' नावाच्या बदनाम माध्यमाने मॅस्टोडॉनचाच आराखडा वापरला, तेव्हा इतर अनेक सर्व्हरनी त्याच्याशी संबंध तोडले. शेजाऱ्यांनी आपापले दार लावून घेतले, पण ते घर मात्र उभेच राहिले.

म्हणून कायद्याची गरज पडते. पण कायदा हीसुद्धा एक किल्लीच आहे. ती कशी वापरली जाते, हे पाहावे लागते. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील एका तरुणीने मुंबईतील बंदबद्दल आपले मत फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली. तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ हे कलम होते. इंटरनेटवर त्रासदायक किंवा अपमानकारक मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात सांगितली होती. पण 'त्रासदायक' म्हणजे नेमके काय, हे कोठेच स्पष्ट नव्हते. श्रेया सिंघल या तरुणीने या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाविरोधी ठरवून रद्द केले.

दोन वर्षांनी आणखी एक मोठा निकाल लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधार योजनेविरुद्ध याचिका केली होती. तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. त्या प्रकरणातून एक मूळ प्रश्न पुढे आला : खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने उत्तर दिले, "होय." राज्यघटनेच्या २१ व्या कलमात जीवित आणि स्वातंत्र्य यांचा जो हक्क आहे, त्यातच खासगीपणा येतो, असे त्यांनी सांगितले.

हक्क मान्य झाला. पण तो राबवायला नियम लागतात. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. आपल्याबद्दलची माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा अधिकार या कायद्याने दिला आहे. कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची असेल, तर आईवडिलांची किंवा पालकांची परवानगी घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. मात्र सरकारला आपल्या काही संस्थांना या कायद्यातून सूट देता येते. या सवलतीवर अनेक जाणकारांनी आक्षेप घेतला आहे. नागरिकाने कंपनीला जसे प्रश्न विचारावेत, तसे सरकारलाही विचारावेत, हे त्यांचे म्हणणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, कंपनी, कायदा आणि सरकार यांच्या हातांतल्या किल्ल्या आपण पाहिल्या. एक लहानशी किल्ली आपल्याही हातात आहे. एखादी प्रश्नावली किंवा खेळ तुमचा फोन क्रमांक आणि मित्रांची यादी मागू लागला, तर क्षणभर थांबा. 'याला ही माहिती कशासाठी हवी?' असे स्वतःला विचारा. परवलीचा शब्द जिवलग मित्रालाही सांगू नका. मैत्रिणीचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी तिला विचारा. एखादी बातमी खरी असल्याची खात्री नसेल, तर ती आपल्यापाशीच थांबवा.

ते ३३५ जण कोणी वाईट माणसे नव्हती. त्यांनी गंमत म्हणून एक दार उघडले. त्या दारातून इतरांची घरेही दिसू लागतील, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला आता ते ठाऊक झाले आहे. आपल्या फोनमध्ये फक्त आपली माहिती नसते. आपल्या घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि मित्रांची अमानतही त्यात असते. ती जपणे हे आपले कर्तव्य आहे.