घरात पुस्तकांचं कपाट करून घ्यायचंय? आधी बघा, स्क्वेअर फुटाच्या दरात नेमकं काय लपलेलं असतं

सहा फूट रुंद, सात फूट उंच, हॉलच्या एका भिंतीला लागून उभं राहील असं पुस्तकांचं उघडं कपाट. पुण्यात किंवा ठाण्यात अशा कपाटाचा दर तीन ठिकाणी विचारून बघा. ओळखीचा सुतार "मटेरियल तुम्ही आणा, सगळं मिळून ३५ हजारांत बसेल" म्हणू शकतो. मटेरियलसकट काम घेणारा ठेकेदार ६० हजार सांगू शकतो, आणि मॉड्युलर फर्निचरवाले त्याच्याही बरेच वर जाऊ शकतात. कपाट तेच, भिंत तीच. मग एवढा फरक येतो कुठून?

तिघंही फसवतायत असं नाही. गोंधळ असतो तो "स्क्वेअर फुटाचा दर" या शब्दांत.

फर्निचर समोरून मोजलं जातं. सहा गुणिले सात म्हणजे ४२ स्क्वेअर फूट, आणि त्याला दराने गुणलं की झाला आकडा. कपाट किती खोल आहे, हे त्यात येतच नाही. कपड्यांचं कपाट २२ ते २४ इंच खोल असतं, त्याला शटर असतात, बिजागऱ्या, ड्रॉवर, कुलूप, हँडल असतं. पुस्तकांच्या उघड्या कपाटाला यातलं काहीच लागत नाही आणि खोली निम्म्याहून कमी पुरते. तरी बऱ्याचदा दोन्हींना एकच दर लावला जातो. सुताराच्या बाजूनेही बोलायला हवं. पुस्तकांच्या कपाटात कप्पे जास्त, म्हणजे कापाकापी आणि कडांना पट्टी लावायचं काम जास्त. त्यामुळे मजुरी फारशी कमी होत नाही. पण सामान नक्की कमी लागतं, आणि घासाघीस करायची तर ती तिथे करावी.

आता सामानाचा हिशेब. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे ३२ स्क्वेअर फुटांची असते आणि दुकानदार ती सहसा अर्धी देत नाही. म्हणून खरा प्रश्न किती फूट प्लाय लागेल हा नसून किती शीट लागतील हा आहे.

आपल्या कपाटाला दोन-दोन फुटांचे तीन उभे भाग केले, तर सात फुटांच्या चार उभ्या फळ्या लागतात. प्रत्येक भागात सात कप्पे हवे असतील, तर वर-खालच्या धरून आठ आडव्या फळ्या, म्हणजे तीन भागांच्या मिळून २४. आठ फुटांच्या एका पट्टीतून अशा चार आडव्या फळ्या निघतात. म्हणजे आडव्यांसाठी सहा पट्ट्या आणि उभ्यांसाठी चार, एकूण दहा.

कपाट एक फूट खोल ठेवायचं म्हटलं, तर चार फूट रुंदीच्या शीटमधून चारच पट्ट्या निघतात. दहा पट्ट्यांसाठी तीन शीट घ्याव्या लागतात. तेच कपाट साडेनऊ इंच खोल ठेवलं, तर करवतीच्या पात्यात जाणारा भुसा धरूनही एका शीटमधून पाच पट्ट्या निघतात आणि दोन शीटमध्ये काम बरोबर बसतं. खालची चार इंचांची पट्टी उरलेल्या तुकड्यांतून जोडता येते. नेहमीच्या डेमी आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं, त्यामुळे साडेनऊ इंच खोली भरपूर झाली. उलट खोल कप्प्यात पुढे मोकळी जागा राहते आणि महिन्याभरात तिथे चार्जर, चाव्या आणि औषधांच्या पट्ट्या येऊन बसतात. या मापात प्रत्येक कप्पा साधारण साडेदहा इंच उंच होतो. दिवाळी अंक आणि मोठे कोश यांच्यासाठी एखादा कप्पा उंच ठेवून शेजारचे थोडे कमी करता येतात.

आता हिशेबापुरते दर धरू. शहर, ब्रँड आणि ओळख यांनुसार ते वर-खाली होतील. १८ मिलिमीटर प्लाय १०० रुपये स्क्वेअर फूट धरला, तर दोन शीटचे ६,४०० रुपये. मागच्या बाजूला सहा मिलिमीटरच्या दोन शीट, ५० रुपये दराने ३,२०० रुपये. फळ्यांच्या दोन्ही बाजू आणि आतली पाठ धरून सनमायकाच्या सहा शीट, हजार रुपयाप्रमाणे ६,००० रुपये. फेविकॉल, स्क्रू, कडांची पट्टी मिळून २,०००. दुकानातून आणणं आणि जिन्याने चढवणं यांचे १,५००. मजुरी ४०० रुपये दराने ४२ स्क्वेअर फुटांची १६,८००. बेरीज ३५,९०० रुपये, म्हणजे स्क्वेअर फुटाला साधारण ८५५.

इथे सनमायका जवळजवळ मुख्य प्लायइतकाच खर्च खातो आणि मजुरी खर्चाच्या निम्म्याजवळ जाते. त्यामुळे हलका प्लाय घेऊन वाचणारे हजार-दीड हजार रुपये एकूण आकड्यात फारसे जाणवत नाहीत. काटकसर करायचीच, तर सनमायकाच्या महाग डिझाइनमध्ये करावी. पुस्तकं भरल्यावर मागची पाठ कुणाला दिसणारही नसते.

ठेकेदार याच कामाचे १,४०० रुपये दराने ५८,८०० घेतो, तेव्हा वरच्या पैशांत त्याचा नफा, देखरेख, वाया जाणारं सामान आणि बिल दिलं तर जीएसटी असतो. ज्यांना दुकानाच्या चार चकरा मारायला आणि आठवडाभर घरी थांबायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा सौदा वाईट नाही. फक्त कोटेशनवर प्लायची जाडी, ग्रेड आणि कपाटाची खोली लिहून घ्यावी. नुसतं "प्लाय विथ लॅमिनेट" असं लिहिलेलं असेल, तर त्यात काहीही बसतं.

ग्रेडबद्दल थोडक्यात. साध्या वापराच्या प्लायवर आयएस ३०३ आणि मरीन प्लायवर आयएस ७१० हा मानक क्रमांक असतो. हॉलमधल्या कोरड्या भिंतीला मरीन प्लायची गरज नाही. भिंतीपलीकडे बाथरूम असेल किंवा पावसाळ्यात ओल येत असेल, तर मात्र तो घ्यावा, किंवा सरळ भिंत बदलावी. वाळवीला पुस्तकंही चालतात, हे कोकणातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

खरी काळजी घ्यायची ती वजनाची. पुस्तकांच्या एक फूट रांगेचं वजन सहज ८ ते १० किलो भरतं. वरच्या कपाटात सुमारे ४० फूट रांग मावते, म्हणजे ते भरल्यावर पुस्तकंच साडेतीनशे-चारशे किलोंची होतात. फळीला बाक येण्याचं गणित कडक आहे. फुटामागे वजन तेवढंच ठेवून फळी दोनऐवजी तीन फूट लांब केली, तर बाक दीडपट नाही, सुमारे पाचपट होतो. जाडी १८ वरून २५ मिलिमीटर केली, तरी तो दोन फुटी फळीच्या जवळपास दुप्पट राहतोच. म्हणून फोटोत छान दिसणारे चार-चार फुटांचे मोकळे कप्पे पुस्तकांसाठी घेऊ नयेत. त्यांत दोन कुंड्या आणि एक फोटोफ्रेम ठेवलेली असते ती उगाच नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ प्लायपेक्षा लवकर वाकतात, त्यांच्यासाठी दोन फुटांच्याही आत राहिलेलं बरं.

एवढं उंच आणि अरुंद कपाट वरच्या बाजूला भिंतीला अँगलने बांधणं हे सजावटीचं काम नाही. घरात कप्प्यांवर पाय ठेवून चढणारं मूल असेल, तर ते सोडूच नये. भिंत हलक्या ब्लॉकची असेल, तर साधा प्लग त्यात नीट धरत नाही. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात, ते सुताराला आधीच सांगून आणून ठेवावेत.

काच लावायची का? धुळीच्या रस्त्यालगत घर असेल, तर उपयोग होतो, पण शटर, बिजागऱ्या आणि काच आली की दर वॉर्डरोबच्या जवळ जातो. मधला मार्ग म्हणजे फक्त खालच्या दोन ओळींना साधी शटर लावणं. झाडूची धूळ सगळ्यात जास्त तिथेच बसते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीला पक्कं केलेलं कपाट करूच नये. दोन-दोन फुटांची तीन सुटी कपाटं करून ती एकमेकांना बोल्टने जोडावीत. यात चारऐवजी सहा उभ्या फळ्या लागतात आणि तिसरी शीट घ्यावी लागते, त्यामुळे खर्च चार-पाच हजारांनी वाढतो. पण घर बदलताना तिन्ही भाग सुटे होऊन टेम्पोत चढतात. सात फुटांचा भाग लिफ्टमध्ये मावतो का, हे मात्र कपाट करायच्या आधी टेप लावून बघावं.