फिश टेस्ट केलीय का?

'फिश टेस्ट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बांगडा नाहीतर पापलेट येणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करते. ही फिश लॅबमधली. 'फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन' हे तिचं पूर्ण नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पंचाईत अशी की दोन पेशंटच्या गाठी मायक्रोस्कोपखाली अगदी सारख्या दिसू शकतात, तरी एकाचा आजार नेहमीच्या केमोला दाद देतो, दुसऱ्याचा देत नाही. फरक बऱ्याचदा आत, गुणसूत्रांवर लपलेला असतो.

बर्किट लिम्फोमाचंच घ्या. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या सर्जनने १९५८ मध्ये लहान मुलांच्या जबड्यातल्या या गाठींबद्दल लिहिलं. १९७२ मध्ये मानोलोव्ह दांपत्याला त्या पेशींतल्या १४ नंबरच्या गुणसूत्रावर एक जादा पट्टा दिसला. तो तुकडा ८ नंबरवरून आलाय, हे १९७६ मध्ये लोरे झेक यांच्या टीमने दाखवलं. त्या तुकड्यावर असतं 'मिक' हे जनुक, पेशीला वाढायला आणि विभागायला लावणारं. ते १४ नंबरवर जाऊन बसतं अँटिबॉडी बनवणाऱ्या जनुकाशेजारी, आणि बी-पेशीत ते जनुक कायम चालू! चोवीस तास डीजे वाजणाऱ्या घराशेजारी खोली घेतल्यासारखं. मिकलाही मग झोप नाही.

हे शोधायचं कसं? गुणसूत्रांचा फोटो काढायचा तर जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात. बायोप्सीचा तुकडा तर बहुतेकदा फॉर्मालिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये गेलेला. इथे फिश कामाला येते. मिकच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा चमकणारा डीएनएचा तुकडा चिकटवायचा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकत्र, पिवळसर दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. अंधाऱ्या खोलीत बसून कुणीतरी अशी शंभर-दोनशे केंद्रकं एकेक करून मोजतं. थोडे ठिपके निरोगी पेशींतही लांब दिसतात, म्हणून किती टक्क्यांपुढे 'पॉझिटिव्ह' म्हणायचं, ते प्रत्येक लॅब आधीच ठरवून ठेवते.

फिशचा एक तोटा आहे. जे विचाराल तेवढंच ती सांगते. मिकचा प्रोब लावलात तर १८ नंबरवरच्या बीसीएल-२ जनुकाबद्दल ती गप्प. आणि दोन्ही तुटलेली असली तर तो 'डबल हिट' लिम्फोमा. तिथे नेहमीची आर-चॉप केमो अनेकदा कमी पडते आणि डॉक्टर जास्त तीव्र उपचारांचा विचार करतात.

त्यामुळे ओळखीतल्या कुणाच्या रिपोर्टवर 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा' लिहिलेलं असेल, तर केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "फिश केलीय का? कोणकोणत्या जनुकांची?"