रेकॉर्ड लावताय? आधी सुईचं वजन मोजा

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी माळ्यावरून खाली आल्या, ऑनलाइन टर्नटेबलही मागवलं. बॉक्स उघडला, वायर जोडली, सुई टेकवली... घोळ नेमका इथे होतो. तबकडीवरचा ओरखडा डोळ्यांना दिसतो, झिजलेली खाच दिसत नाही. ती ऐकू येते, आणि तोवर उशीर झालेला असतो. खाच पुन्हा भरता येत नाही.

बहुतेक चांगल्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. म्हणजे एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी. पण सुईचं टोक केसापेक्षा बारीक असतं. बल भागिले क्षेत्रफळ हे शाळेतलं सूत्र आठवा. या दोन ग्रॅमचाही खाचेवर प्रचंड दाब पडतो. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये हेच वजन अनेकदा पाच ग्रॅमपर्यंत जातं आणि ते कमी करायची सोय नसते. दुर्मीळ रेकॉर्ड त्यावर लावू नयेच.

मग वजन कमीच ठेवलं तर? तेही चुकीचं. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेतून उसळते आणि भिंतींवर आपटते.

सेटिंगला दहा-पंधरा मिनिटं लागतात. टर्नटेबल सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा. अँटी-स्केटिंग शून्यावर आणा. सुईचं झाकण काढून टोनआर्म स्टँडवरून मोकळा करा. सुई कशालाही लागू देऊ नका. मागचं काउंटरवेट फिरवत राहा, आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगला की थांबा. आता वजनाला हात न लावता फक्त आकड्यांची रिंग शून्यावर आणा. मग कंपनीने सांगितलेला आकडा येईपर्यंत पूर्ण वजन फिरवा. अँटी-स्केटिंगही सहसा त्याच आकड्यावर ठेवतात. आर्म आपोआप मध्याकडे ओढला जातो, ती ओढ त्याने कमी होते. नाहीतर सुई एकाच भिंतीवर रेलते. रिंगवरच्या आकड्यावर पूर्ण भरवसा नको. सुईसाठीचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच.

घरात लाखेच्या 78 आरपीएमच्या तबकड्याही असतील, तर नुसतं 78 चं बटण पुरत नाही. त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते, म्हणून वेगळी, जाड सुई लागते. उलट, ग्रामोफोनची स्टीलची सुई एलपीवर लावली तर एका फेरीत रेकॉर्ड संपली समजा. आणि लाखेची तबकडी अल्कोहोलने पुसू नका, लाख त्यात विरघळते.

सुईलाही आयुष्य असतं. एटी-व्हीएम95ई या लोकप्रिय कार्ट्रिजच्या सुईसाठी ऑडिओ-टेक्निका सुमारे 300 तास सांगते, म्हणजे 45 मिनिटांच्या साधारण 400 एलपी. सेकंडहँड टर्नटेबल घेतलं असेल, तर आधीची सुई किती तास चालली हे कळायला मार्ग नसतो. पहिली रेकॉर्ड लावण्याआधी ती बदला.