कात्री कोणाच्या हातात?

साताऱ्यात मी ज्या केशकर्तनालयात जात असे तेथे कारागीर तीन आणि मालक एक. पण तो एक तिघांना पुरून उरे! कारागिराने कात्री उचलली की हा त्याच्या खांद्याशी उभा. "कानामागे अजून घे. पाणी किती मारतोस?" कारागिराचा हात बिचके, आणि त्याची किंमत माझे डोके मोजी. एकदा उजवा कल्ला डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच वर गेला. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुले माझ्या व्याकरणापेक्षा कानशिलाकडेच अधिक लक्ष देत होती.

वास्तविक हा धंदा असल्या पहाऱ्यात वाढलेला नाही. गावगाड्यात न्हावी बलुतेदार. काखेला धोकटी मारून तो घरोघर जाई, सुगीला खळ्यावरून धान्य नेई. तो सुखी होता असे नव्हे. पण वस्तरा कसा धरावा हे त्याला कोणी शिकवीत नसे. पाटलालाही त्याच्यापुढे मान वाकवावीच लागे! आणि वस्तरा कोठे चालवायचा नाही, हेही या मंडळींनी ठरवून दाखवले आहे. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापणाऱ्या जोतीरावांचे मूळ गाव आमच्या सातारा जिल्ह्यातलेच, कटगुण.

पण परंपरेने घरभाडे भागत नाही. त्या तिघांतला धाकटा एक दिवस दिसेनासा झाला. पुढे माझी बदली सांगलीस झाली, आणि गणपती पेठेजवळच्या एका दुकानात तोच समोर उभा!

"इथले मालक बरे दिसतात," मी म्हणालो.

तो हसला. "तेही तसेच होते, सर. पहिल्या आठवड्यात रोज टोकायचे. एका रात्री शटर ओढल्यावर मी म्हटले, 'मालक, चूक काढा, पण दिवे मालवल्यावर. गिऱ्हाइकासमोर बोललात तर माझा हातही जातो आणि तुमचे गिऱ्हाईकही. आठ दिवस ही एक खुर्ची माझ्यावर सोडा. तक्रार आली तर मी निघतो.' तेव्हापासून मी कात्री लावण्याआधीच गिऱ्हाइकाला मोठ्याने विचारतो, मालकांच्या कानावर जाईल असे. मग मध्ये बोलायला त्यांना जागाच उरत नाही."

"मग हे साताऱ्यातच का नाही बोललास?"

"तेव्हा धीर नव्हता, सर. आणि ते मालकही वाईट नव्हते. खुर्च्या कर्जाने घेतलेल्या. एक गिऱ्हाईक तुटले तरी त्यांना झोप येत नसे. माणूस भ्याला की दुसऱ्याच्या हातावर नजर ठेवतो."

त्या संध्याकाळी घरी आलो तो मुलगी निबंध लिहीत बसली होती. सवयीने मी तिच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो. हातात लाल पेन, तोंडाशी "इथे ऱ्हस्व" आलेले. तिचा हात थांबला, बिचकला.

मी पेनाला टोपण लावले आणि चहा सांगायला स्वयंपाकघरात गेलो.