फिरत्या यंत्रांचे स्पर्शरहित निरीक्षण : एडी करंट संवेदकाचे कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना

वीजनिर्मिती केंद्र, तेलशुद्धीकरण प्रकल्प किंवा खत कारखाना यांचे कामकाज मोजक्याच मोठ्या फिरत्या यंत्रांवर अवलंबून असते. ५० हर्ट्झ कंप्रतेची वीज देणाऱ्या दोन ध्रुवांच्या टर्बोजनित्राचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. अनेक टन वजनाचा रोटर या गतीत असताना त्याचा तोल बिघडल्यास काय होऊ शकते, हे ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात दिसून आले. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती धातूच्या थकव्यामुळे तुटली. असंतुलनामुळे यंत्र तीव्रतेने हादरले, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि आग लागली.

पाते तुटणे ही क्षणार्धाची घटना असते. तिची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. मात्र बेअरिंगची झीज, शाफ्ट एका रेषेत नसणे, वंगणाच्या थराची अस्थिरता असे बहुतेक दोष हळूहळू वाढतात आणि शाफ्टच्या हालचालीत आधीच उमटतात. ही हालचाल शाफ्टला स्पर्श न करता कशी मोजली जाते आणि त्या मोजमापावर कितपत विसंबता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शाफ्टचेच मोजमाप का?

मोठ्या यंत्रांचा शाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर शाफ्टचे कंपन बऱ्याच अंशी शोषून घेतो. त्यातच यंत्राचे कवच जड असल्यास शाफ्ट मोठ्या प्रमाणात हलत असूनही कवचावर त्याचा अल्प अंशच पोहोचतो. म्हणून अशा यंत्रांत केवळ कवचावर बसवलेला संवेदक पुरेसा ठरत नाही. याउलट, गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये कंपन थेट कवचापर्यंत जात असल्याने तेथे कवचावरील मापन सोयीचे ठरते.

कार्यतत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे वर्तुळाकार प्रवाह निर्माण होतात. त्यांनाच एडी करंट म्हणतात. संवेदकाच्या टोकाशी तारेचे लहान वेटोळे असते. त्यातून सेकंदाला दहा लाख किंवा त्याहून अधिक आवर्तनांचा प्रवाह सोडला जातो. जवळच्या शाफ्टच्या पृष्ठभागात, मिलिमीटरच्या काही शतांश खोलीपर्यंत, एडी करंट उद्भवतात. त्यांत ऊर्जा खर्ची पडते व वेटोळ्यातील आंदोलनांचा आयाम घटतो. शाफ्ट जितका जवळ, तितकी घट अधिक. तेल विद्युत् वाहक नसल्याने मधल्या तेलाचा या मापनावर व्यवहारतः परिणाम होत नाही.

रचना आणि जोडणी

अमेरिकन अभियंते डोनाल्ड बेंटली यांनी १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने हा संवेदक उद्योगांत वापरण्याजोगा केला. पुढे १९७६ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने अशा निरीक्षण प्रणालींसाठी ६७० क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. या प्रणालीचे तीन भाग असतात : प्रोब, जोड केबल आणि आंदोलने निर्माण करून त्यांचे विद्युत् दाबात रूपांतर करणारा घटक. या घटकाला उणे २४ व्होल्ट पुरवठा दिला जातो. अंतर एक मिलिमीटरने बदलल्यास दाब ७.८७ व्होल्टने, म्हणजे एका मायक्रोमीटरला सुमारे ८ मिलिव्होल्टने बदलतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रोबची उपयुक्त कक्षा सुमारे २ मिलिमीटर असते.

प्रोब व केबल यांची एकत्रित लांबी ५ किंवा ९ मीटर अशी ठरलेली असते, कारण केबलही विद्युत् मंडलाचाच भाग असते. दुरुस्तीच्या वेळी वेगळ्या लांबीची केबल जोडली गेल्यास प्रणाली बंद पडत नाही. ती चुकीचे आकडे दाखवत राहते.

संकेताचा अर्थ

मिळणाऱ्या संकेताचे दोन भाग असतात. स्थिर भाग प्रोब व शाफ्टमधील सरासरी अंतर सांगतो, तर बदलता भाग कंपन दर्शवतो. स्थिर दाब उणे १०.० वरून उणे १०.८ व्होल्टवर गेल्यास शाफ्ट सुमारे ०.१ मिलिमीटर दूर सरकला, असा अर्थ होतो. बदलत्या भागाचे शिखर ते शिखर मूल्य ०.३९ व्होल्ट असल्यास कंपन सुमारे ५० मायक्रोमीटर असते.

प्रत्येक बेअरिंगपाशी परस्परांशी काटकोनात दोन प्रोब बसवल्यास शाफ्टच्या केंद्राचा भ्रमणमार्ग रेखाटता येतो. शाफ्टवरील खाचेसमोरचा आणखी एक प्रोब प्रत्येक फेऱ्याची खूण देतो. असंतुलनाचे कंपन फेऱ्याला एकदा येते. तेलाच्या थराच्या अस्थिरतेचे कंपन फेऱ्यांच्या निम्म्याहून किंचित कमी कंप्रतेचे असते. अक्षीय दिशेत सहसा दोन प्रोब ठेवतात व दोघांचाही कौल मिळाल्यावरच यंत्र बंद केले जाते. त्यामुळे एका नादुरुस्त प्रोबमुळे उत्पादन थांबत नाही.

मर्यादा

हा संवेदक प्रत्यक्षात अंतर मोजत नाही. तो धातूतील ऊर्जाव्यय मोजतो. शाफ्टवरील ओरखडा, उरलेले चुंबकत्व, क्रोमचा मुलामा किंवा धातूची असमानता यांनाही तो कंपन समजतो. म्हणून शाफ्ट अत्यंत मंद गतीने फिरवून मिळणारा संकेत आधी नोंदवतात व पूर्ण गतीच्या मापनातून त्याची सदिश वजाबाकी करतात. प्रणालीचे अंशांकन सामान्यतः ४१४० या पोलादावर केलेले असते. शाफ्ट अन्य धातूचा असल्यास त्याच धातूवर नव्याने अंशांकन आवश्यक ठरते. शिवाय हे मापन सापेक्ष असते. प्रोबचा आधार शाफ्टबरोबर तितकाच हलत असेल, तर पडद्यावर कंपन अल्पच दिसेल. अशा यंत्रांत कवचावरील संवेदकाची जोड द्यावी लागते.

समारोप

एडी करंट संवेदकामुळे बंद कवचातील शाफ्टची स्थिती व हालचाल सतत नोंदवता येते. तथापि त्याच्या आकड्याची विश्वासार्हता केबल, अंशांकन आणि मंद गतीच्या नोंदी यांवर अवलंबून असते. या बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास खोटे इशारे वाढतात. आणि वारंवारच्या खोट्या इशाऱ्यांना कंटाळून संरक्षण व्यवस्था तात्पुरती खंडित केली गेली, तर खऱ्या बिघाडाच्या वेळी यंत्र आणि त्याच्याजवळ काम करणारे कामगार दोघेही असुरक्षित राहतात. म्हणून प्रोब बसवण्याइतकेच त्याच्या नोंदी जपणे व त्या तपासत राहणे महत्त्वाचे आहे.